चारबोटे बाईंची हिरवळ

माझ्या नणंदेचं आडनाव चारबोटे नाही. आधीच सांगून टाकते, कारण आमच्या दवाखान्यात निम्म्या लोकांना तसंच वाटतं. एकदा तर ओळखपत्रावरसुद्धा तेच छापून आलं. मी म्हटलं, "ताई, बदलून घ्या हो." तर म्हणाल्या, "कशाला? बरोबरच आहे की." तेव्हापासून गळ्यात तेच कार्ड.

नाव पडलं ते गवतामुळे. दवाखान्याच्या मधल्या चौकात हिरवळ आहे आणि सव्वीस वर्षं तो चौक ताईंच्या हाताखाली आहे. गवत कापायचं ते चार बोटं ठेवून, त्याखाली मशीनचं पातं जाता कामा नये, हा त्यांचा कायदा. मोजपट्टी नाही, काही नाही. गुडघ्यावर बसायचं, हाताची चार बोटं आडवी धरून करंगळी जमिनीला टेकवायची, गवताची टोकं वरच्या बोटाला लागली पाहिजेत. मशीन चालवायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हे करायला लावतात. एकाने विचारलं, "बाई, माझी बोटं जाडी आहेत, मग?" ताई म्हणाल्या, "मग तू साडेतीन ठेव."

मी त्याच दवाखान्यात धुलाईला. आमच्या खिडकीतून हिरवळीचा एक कोपरा दिसतो. ताईंनी लग्न केलं नाही (का नाही, ते विचारायची माझी छाती नाही), त्या आमच्याकडेच राहतात. म्हणजे घरी नणंद आणि कामावरही नणंद. लोकांना रविवारी तरी सुट्टी असते, मला तीही नाही.

ताई इथे लागल्या त्या झाडूवाल्या म्हणून. तेव्हा चौकात नुसता राडा होता, बांधकामाचा उरलेला चुना आणि फुटक्या फरश्या. त्या जेवणाच्या सुट्टीत डबा खायच्या आणि उरलेल्या वेळात फरश्यांचे तुकडे वेचायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी तिथे गवत आलं आणि मग कुणाला तरी वाटलं की या बाईला माळीकाम द्यावं. द्यावं म्हणजे काय, त्यांनी घेतलंच होतं.

आमच्याकडे येतात ते पाय गेलेले, हाडं मोडलेले, अर्धं अंग लुळं पडलेले. रोज चारच्या सुमाराला व्यायामाच्या बाई त्यांना अनवाणी हिरवळीवर आणतात. फरशीवर माणूस पाऊल उचलायला घाबरतो, पडलो तर संपलो म्हणतो. गवतावर तोच माणूस बिनधास्त पडतो, हसतो, उठतो आणि पुन्हा पाऊल टाकतो. हे मी खिडकीतून इतक्या वेळा पाहिलंय की मला आता चादरींपेक्षा माणसांचे पाय जास्त ओळखता येतात.

आणि ताईंचं बघायचं म्हणजे सकाळी सातला. चपला काढून हिरवळीवर चार पावलं टाकायची आणि वळून मागे बघायचं. दाबलेलं गवत लगेच उठलं, तर पाणी नको. पाऊल तसंच उमटून राहिलं, तर तहान लागलीय. मग मूठभर गवत धरून ओढायचं. सतरंजीसारखं हातात आलं, तर खाली हुमणी बसलीय, ती पांढरी अळी मुळं खाते. नाही आलं तर ठीक. पाणी द्यायचं ते पहाटे, भरपूर, आणि मग तीन-चार दिवस ढुंकून बघायचं नाही. "रोज घोट घोट पाजलं की मुळं वरच बसतात आळशासारखी," त्या म्हणतात. असं म्हणताना त्या माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाकडे बघतात.

तर गेल्या वर्षी नवे व्यवस्थापक साहेब आले. तीन वर्षांतले चौथे. चकचकीत बूट. पहिल्याच दिवशी चौकात उभे राहून म्हणाले, "बाई, हे लॉन इतकं वाढलेलं का? मला गालिचा हवाय, गालिचा."

ताई म्हणाल्या, "गालिचा दुकानात मिळतो साहेब. ही हिरवळ आहे."

"आणखी बारीक कापा."

"नाही कापणार."

"नाही म्हणजे?"

"पानांवर तिचं पोट चालतं. तेच कापलं तर मुळं उपाशी मरतील. वरून ऊन लागेल, फटी पडतील, फटीत लव्हाळा घुसेल. मग तो मीच उपटत बसायचा. तुम्ही येणार आहात का उपटायला?"

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण नवे होते, कचेरीत निघून गेले. मी घरी म्हटलं, "ताई, साहेबांशी जरा जपून बोलावं." ताई म्हणाल्या, "मी जपूनच बोलले. नाहीतर बुटांवरही बोलले असते. टाचेने खड्डे पाडतो मेला."

मग माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ताईंनी चार दिवस रजा घेतली. भावाच्या उशाशी दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नाही, बायकोसुद्धा. मी कामावर गेले.

साहेबांनी संधी साधली. बाहेरून मशीनवाले बोलावले, पातं अगदी खाली घेतलं आणि हिरवळ अशी भादरली की खालचे पिवळे दांडे उघडे पडले. वर रोज संध्याकाळी कारंजी सुरू केली, दोन दोन तास. रात्रभर गवत ओलं. मी खिडकीतून सगळं बघत होते. घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण नवरा टाके सांभाळत पडलेला, ताई आधीच वैतागलेल्या, म्हटलं कशाला आगीत तेल. मूग गिळून बसले. ही माझी पहिली चूक.

ताई परत आल्या तेव्हा हिरवळीवर थाळीएवढे तपकिरी डाग पडले होते आणि डागांच्या कडेला सकाळच्या दवात बारीक पांढरी जाळी धरली होती. बुरशी. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्या नुसत्या खाली बसल्या. कितीतरी वेळ एकाच डागावर हात ठेवून बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं आणि मला खरंच भीती वाटली.

साहेब आले. म्हणाले, "बघा, लॉन मेलंय. तुमची पद्धतच जुनी. तीन आठवड्यांनी नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. मी प्लास्टिकचं मागवलंय. पाणी नको, कापणं नको, बारा महिने हिरवं. तुम्हाला भांडारात बसवू, खोकी मोजायला."

ताई उठल्या. गुडघे झटकले.

"लॉन मेलं असेल. हिरवळ जिवंत आहे."

"शब्दांचे खेळ नकोत, बाई."

"प्लास्टिक यायला किती दिवस?"

"तीन आठवडे."

"मग तीन आठवडे माझे. तोवर तुमचा बूटसुद्धा इथे पडायचा नाही. त्यानंतर ही मेलेली निघाली, तर मी स्वतः उकरून देते आणि घरी जाते. भांडारात मी बसणार नाही."

चौकात कपडे वाळत घालणाऱ्या आम्ही तिघीचौघी होतो. आम्ही चादरींच्या मागे तोंड लपवलं. साहेब ऐकून घेण्यापलीकडे काही करू शकले नाहीत, कारण तीन आठवडे त्यांच्याही हातात दुसरं काही नव्हतं.

त्याच दुपारी ताईंनी भोवती दोरी बांधली आणि एका काठीला वॉर्डातली जुनी पाटी अडकवली. तिच्यावर खरोखरचा केस पेपर. रोगी: हिरवळ. वय: चोवीस. तक्रार: भादरणे, नंतर अति पाणी, त्यामुळे बुरशी. उपचार चालू आहेत. भेटायला येणाऱ्यांनी दोरीबाहेर थांबावे. साहेबांनी पाटी काढायला लावली. ताईंनी पुन्हा लावली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शेवटी ती तशीच राहिली. एक जुने बसचालक होते, उजवी बाजू गेलेली, ते रोज चाकाची खुर्ची ढकलवून घेत तिथपर्यंत यायचे आणि विचारायचे, "आज हिचं कसं काय?" ताई सांगायच्या, "ताप उतरलाय. तुमचं कसं?" ते म्हणायचे, "हिच्यापेक्षा बरा."

उपचार म्हणजे काय, तर आधी संध्याकाळचं पाणी बंद. कारंज्याच्या नळाची किल्ली ताईंनी काढून कमरेला लावली. मग दाताळ्याने मेलेल्या गवताचा थर ओढून काढला, खाली हवा जाईल एवढा. जमीन काट्यांनी टोचून भोकं पाडली. चाळलेलं, कुजलेलं शेणखत आणि रेती पातळ पसरली. साहेबांनी मुद्दाम रासायनिक खताची गोणी पाठवली, "लवकर हिरवं होतं" म्हणून, ती ताईंनी परत धाडली. "तापात कुणी पुरणपोळी भरवतं का?" असं बोलून बसल्या आणि मग आम्हीच दोन दिवस त्यावर हसत होतो. मशीनला हात लावला नाही. पाणी चौथ्या दिवशी, पहाटे. बाकी वेळ गुडघ्यावर बसून सुरीच्या टोकाने लव्हाळ्याच्या गाठी काढत राहायच्या. लव्हाळा नुसता उपटून चालत नाही, खालची गाठ राहिली की तो दुप्पट येतो.

आता माझी दुसरी चूक. ही सांगताना आजही कान गरम होतात.

दुसरा आठवडा. ऊन रणरणत होतं. आमच्या खिडकीजवळचा कोपरा मला फार पिवळा दिसायला लागला. ताई पाणी देत नाहीत म्हणजे नाहीतच. मला वाटलं, ही बाई हट्टापायी गवताला उपाशी मारणार, मग साहेबांचं फावेल आणि ही घरी बसेल. घरी बसलेली नणंद, बाई गं! पण खरं सांगते, मला स्वतःपेक्षा त्यांची काळजी होती. मी चादरींच्या शेवटच्या विसळणीचं पाणी बादलीने नेऊन तिथे ओतलं. दिसायला नितळ पाणी होतं. तीन दुपारी ओतलं. दवाखान्याच्या चादरी आहेत, शेवटच्या पाण्यातही ब्लीच असतं, हे मी अकरा वर्षं जाणते. त्या तीन दुपारी मात्र माझी अक्कल गहाण पडली होती.

चौथ्या दिवशी तिथे खाटेएवढा पट्टा कागदासारखा पांढरा झाला.

ताईंनी पाऊल टाकून पाहिलं, गवत ओढून पाहिलं, मग माती उचलून हुंगली. ती मूठ तशीच घेऊन सरळ धुलाईच्या दारात आल्या आणि माझ्या नाकाखाली धरली.

"हा वास कुणाच्या घरचा?"

मी म्हटलं, "ताई, मला वाटलं तहानलंय हो. पिवळं दिसत होतं."

"पिवळं दिसलं की पाणी. त्या साहेबानेही हेच केलं. तू आणि तो एकाच शाळेतले!"

यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. भावाशी बोलायच्या, शेजारणीशी बोलायच्या, मी वाढलेलं ताट संपवायच्या आणि धुऊन ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या, "तिकडे आता साधं पाणी सोडलंय, विष खाली जाईल. पण तेवढं गेलं."

विसाव्या दिवशी साहेब चौकात आले. दोरीच्या आत बघितलं. हिरवळ आली होती! विरळ होती, दोनच बोटं होती, डागांच्या जागी अजून माती दिसत होती, पण कडेकडेने नवी पानं फुटली होती आणि गवताच्या आडव्या वेली डागांवरून सरकत होत्या. सगळं दिसत होतं. पण साहेबांची नजर गेली ती पांढऱ्या पट्ट्यावर.

"हे काय?"

मी हातावर चादरी घेऊन दारात उभी. ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या हातून साबणाचं पाणी गेलं," म्हणाल्या.

त्या बाईच्या हातून! जिने सव्वीस वर्षांत तिथे उष्टं पाणी पडू दिलं नाही. मला ते ऐकवलं नाही. चादरी तिथेच टाकल्या.

"खोटं आहे, साहेब. मी ओतलं. तीन बादल्या. यांना माहीतही नव्हतं."

साहेब म्हणाले, "कुणी का ओतेना. मेलंय ते मेलंय. उद्या सकाळी माणसं येतायत अंथरायला. आणि दोघींना नोटीस."

घरी जाताना ताई रस्त्यात थांबल्या. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"तुम्हाला कुणी खोटं बोलायला सांगितलं होतं?"

"नोकरी जाईल तुझी."

"आणि तुमची?"

"माझी गेली तर गवतापायी जाईल. तुझी बादलीपायी कशाला घालवायची?"

मी म्हटलं, "ताई, जाऊ दे गेली तर. उद्या मी तुमच्याबरोबर येते." पुढे चालताना त्यांनी पिशवीचा एक बंद माझ्या हातात दिला. त्या अबोल्यानंतर तेवढंही पुष्कळ होतं.

सकाळी टेम्पोतून प्लास्टिकच्या गुंडाळ्या उतरल्या. गडद हिरव्या, सगळी पाती एकाच उंचीची. चार माणसं आणि त्यांचा मुकादम. ताई आधीच हिरवळीच्या मधोमध मांडी घालून बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले. पाठ ताठ ठेवली. वरच्या गच्चीतून रुग्ण वाकून बघत होते.

साहेब म्हणाले, "बाई, उठा. तमाशा नको."

"मी कुठे अडवलंय? अंथरा. माझ्यावरून अंथरा."

कुणी हललं नाही. साहेब मुकादमावर ओरडले, "बघताय काय? सुरू करा."

मुकादम पिकल्या केसांचा, पोट सुटलेला माणूस. तो दोरी ओलांडून आत आला, वाकला, गवतात बोटं घातली आणि ओढलं. आलं नाही. जोर लावून ओढलं. तरी नाही. मग कडेची एक वेल उचलून बघितली, तिला गाठीगाठीला मुळं फुटली होती. चालत पांढऱ्या पट्ट्याकडे गेला, तिथे मात्र मूठभर सहज हातात आलं. तो पट्टा पावलांनी मोजून परत आला.

"साहेब, तुम्ही फोनवर मेलंय म्हणालात."

"मेलेलंच आहे."

"तेवढा पट्टा मेलाय, बाकी सगळं जितं आहे. मेलेलं असतं तर वरचा पापुद्रा खरवडून, बारीक खडी दाबून संध्याकाळपर्यंत अंथरलं असतं. हे अख्खं उकरायला चार दिवस. आणि उकरूनही महिन्याभरात प्लास्टिक फोडून वर येईल, मग शिव्या मला. जित्यावर आम्ही टाकत नाही."

"उद्या उद्घाटन आहे!"

"मग उद्या आहे तसं दाखवा. वाईट नाहीये." तो ताईंकडे वळला. "किती दिवसांत आणलंत?"

"वीस," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही तिच्या अंगावर बूट घालून उभे आहात."

मुकादमाने खाली बघितलं, जीभ चावली आणि बूट हातात घेऊन दोरीबाहेर गेला. माणसांना म्हणाला, "चढवा रे परत." साहेब टेम्पोमागे दहा पावलं गेले, काहीतरी बोलत राहिले, मग कचेरीत निघून गेले. गच्चीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एकाच हाताने कठड्यावर वाजवत असणार, आवाज तसा होता.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, "ताई, जिंकलो की हो!"

"जिंकलो काय? तो पट्टा तसाच आहे." त्यांनी मधल्या, त्यातल्या त्यात दाट गवतातून सुरीने तळहाताएवढा तुकडा मुळांसकट कापून काढला. तो माझ्या हातात ठेवला आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तू मारलंस ना? मग तूच लाव."

मी बाह्या वर सारल्या आणि गुडघ्यावर बसले.